शून्य लिहिताना

पहिली नळी मी बाजूला ठेवते आणि नंतर टाकून देते. बायकांना ते बघवत नाही. "काहून फेकून राहिली पोरी माझं रक्त?" हे नागपूरच्या कळमन्यात इतक्यांदा ऐकलंय की आता सुई टोचायच्या आधीच उत्तर देऊन ठेवते. त्यांचं रागावणं चुकीचं नसतं. ज्या बाजूची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या, त्या बाजूचा हात वर्ज्य. उरतो एक हात, आणि त्याच्या शिरा केमोने सुतळीसारख्या कडक झालेल्या. चार ठिकाणी चाचपल्यावर कुठे एक शीर बोटाला लागते, आणि तिचं पहिलंच रक्त मी वाया घालवते.

कारण आहे कातडी. सुई आत शिरताना कातडीच्या काही पेशी खरवडून सोबत नेते. कातडीच्या पेशी आणि स्तनातल्या गाठीच्या पेशी एकाच घराण्यातल्या, एपिथेलियल. रक्तात एरवी या घराण्याचं कोणी नसतं, आणि आमची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. बाईच्या स्वतःच्या कातडीची एखादी पेशी नळीत गेली आणि आम्ही ती कर्करोगाची म्हणून मोजली, तर? पहिल्या नळीने ती वाहून जाऊ द्यायची. मग दुसरी लावायची, हलक्या हाताने आठ वेळा उलटीसुलटी करायची, आणि पेटीत उभी ठेवायची.

बाबा कळमना मार्केटात मापारी होते. शाळा सुटली की मी धान्याच्या आवारात त्यांच्याजवळ जाऊन बसायची. व्यापारी यायचे, पोत्याला परखी लावायचे, तळहातावर मूठभर गहू ओतून फुंकर मारायचे आणि भाव बोलायचे. एका मुठीवरून सगळ्या पोत्याचा सौदा. मला त्याचं फार नवल वाटायचं. एकदा विचारलं, "बाबा, पोत्यात एकच खडा असेल तर?" ते म्हणाले, "एका खड्यासाठी परखी नसते, बेटा."

माझं सगळं काम त्या एका खड्यासाठी आहे. साडेसात मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच तीन हजार कोटींच्या वर, पांढऱ्या तीन ते आठ कोटी. त्यात गाठीपासून सुटून आलेल्या पेशी शोधायच्या. किती सापडल्या म्हणजे काळजी? पाच. २००४ साली स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या १७७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून हा आकडा आला. ज्यांच्या साडेसात मिलिलिटरमध्ये पाच किंवा जास्त पेशी होत्या, त्यांच्यातल्या निम्म्या जणींचा आजार २.७ महिन्यांच्या आतच पुढे सरकला. ज्यांच्यात पाचाहून कमी, त्यांच्यात ही मुदत ७ महिन्यांची होती. त्याच वर्षी अमेरिकेत 'सेलसर्च' या यंत्राला मान्यता मिळाली. रक्तात अशा पेशी असतात हे त्याच्याही कितीतरी आधी, १८६९ मध्ये, मेलबर्नच्या थॉमस ॲशवर्थने एका मृत रुग्णाच्या रक्तात पाहिलं होतं. पण एकदा दिसणं आणि दर वेळी भरवशाने मोजता येणं यांत सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

हे मोजणं मी पुण्यात शिकले. लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर असं प्रतिपिंड बसवलेलं असतं की ते एपिथेलियल पेशीच्या पृष्ठभागावरच्या एपकॅम या प्रथिनालाच चिकटतं. मग लोहचुंबक लावायचा. बाकी रक्त धुऊन जातं, चिकटलेलं उरतं. त्यातही पांढऱ्या पेशी घुसलेल्या असतातच, म्हणून रंग द्यायचे: केंद्रकाला एक, एपिथेलियल पेशीतल्या सायटोकेरॅटिनला दुसरा, पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-४५ला तिसरा. यंत्र छायाचित्रं काढून पडद्यावर ओळीने मांडतं. पण ही पेशी आहे की नाही, हे ठरवायचं माणसानेच. केंद्रक हवं, ते सायटोकेरॅटिनच्या वेढ्यात बसलेलं हवं, सीडी-४५चा रंग नको, आकार निदान चार मायक्रॉन हवा. सुरुवातीला वाटायचं, यात काय एवढं! मग अशी चित्रं यायला लागली की केंद्रक अर्धंच आत, कड विरघळलेली, रंग आहे पण फिका. मरत असलेली पेशी असेल, नुसता तुकडा असेल. अशा एका चित्रावर मी आणि माझ्या वरिष्ठ बाई अर्धा तास बसलो होतो. त्या रुग्णाच्या चार पेशी मोजून झाल्या होत्या, आणि ही पाचवी होती. शेवटी बाईंनी "नाही" म्हटलं. का, ते त्यांनी समजावलं आणि मला पटलंही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मी पेशी मोजत नाही. आईच्या आजारपणात परत आले आणि कळमन्यातच रक्त घेण्याचं लहानसं केंद्र उघडलं. नमुने बाहेर जातात. तो रस्ता सोपा नाही. या नळीतलं औषध पेशींना ९६ तास टिकवतं, पण १५ ते ३० अंशांतच. फ्रिज नको, ऊन नको. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. पहिल्याच उन्हाळ्यात एक पेटी दुपारभर कुठल्याशा गोदामाबाहेर पडून राहिली. नमुना बाद झाला, आणि त्या बाईला मला फोन करून परत बोलवावं लागलं. ती आली, तोच एक हात पुढे केला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी नमुने संध्याकाळीच रवाना करते आणि पेटी माझ्या डोळ्यांसमोर गाडीत चढेपर्यंत हलत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक मावशी आल्या. मांढळच्या मिरची सातऱ्यावर देठ खुडण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली, बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झालेली. बाहेर मिरचीच्या गाड्या उतरत होत्या, मी खिडकी बंद केली तरी ठसका लागतच होता; त्यांना मात्र काहीच होत नव्हतं. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं होऊन वर्ष झालेलं. ही तपासणी कोणीतरी मुलाला सुचवली आणि त्याने उसनवारी करून पैसे आणले. अहवाल आला: शून्य.

मावशींनी विचारलं, "म्हंजे आता गेला का तो पूर्ण? मी बरी झाली का?"

मी लगेच हो म्हणू शकले नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. आपण काढलं साडेसात मिलिलिटर, म्हणजे साडेसहाशे भागांतला एक. समजा तेवढ्या रक्तात सरासरी एक पेशी आहे, तरी अशा शंभर नळ्या भरल्या तर त्यांतल्या ३७ नळ्यांत एकही सापडणार नाही. हे साधं गणित आहे. काही पेशी वाटेत एपकॅमच गमावतात, लोहाचे कण त्यांना धरतच नाहीत. शिवाय वेळ. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की ३० बायकांचं रक्त पहाटे ४ला आणि सकाळी १०ला घेतलं तेव्हा एकूण सापडलेल्या पेशींतल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त पहाटेच्या, झोपेतल्या रक्तात होत्या. इथे पहाटे गाड्या उतरत असतात आणि माझं केंद्र बंद असतं. माझ्या शून्याला घड्याळही आहे.

उलटही खरं. पाच आल्या म्हणून बाईच्या हाती नवं काही पडतंच असं नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत, पहिल्या केमोनंतरही ज्यांच्या पेशी पाचाखाली आल्या नाहीत अशा बायकांचं औषध लगेच बदलून पाहिलं. त्यांचं आयुष्य वाढलं नाही. मोजणं बरोबर होतं; बदलून द्यायला तेव्हा त्याहून चांगलं औषधच नव्हतं. म्हणून, आजार पसरलेला नसताना, उपचार संपवून घरी गेलेल्या बाईने उसने पैसे काढून ही तपासणी करावी असं मला वाटत नाही, आणि माझ्या दारात आलेल्यांना मी ते सांगते. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या, रक्तातून स्तनाचा कर्करोग लवकर ओळखणाऱ्या चाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. तो दर्जा म्हणजे मान्यता नव्हे, पण आपल्याकडे हे काम होतंय याचा मला मनापासून आनंद आहे. आणि या भटक्या पेशींवरचा मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रयोग मोजण्याचा नाहीच. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती साधं भुलीचं लिग्नोकेन टोचलं, १६०० बायकांमध्ये तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पाच वर्षांनी हयात असणाऱ्या ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झाल्या. चाकू लागताना पेशी सुटून जाऊ नयेत, एवढाच विचार. औषध कुठल्याही दवाखान्यात मिळणारं.

यातलं मी मावशींना सगळं सांगितलं नाही. परखीचं सांगितलं. पोतं, मूठ, खडा. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग या मुठीत नव्हता."

"या मुठीत नव्हता, मावशी."

"अन् पोत्यात?"

"ते दुसऱ्या तपासण्यांनी बघत राहायचं." दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी कधी झाली विचारलं. झाली नव्हती. मुलगा खाली बघत राहिला. रक्ताच्या तपासणीत ते पैसे गेले होते. मी सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये फोन लावला, मंगळवारची वेळ मिळाली. अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनाने तारीख लिहिली, खाली बसचा नंबर लिहिला. मावशींनी कागद चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला, तारखेची बाजू वर.