मोत्याची सुस्ती

प्रत्येक सुस्ती म्हणजे आळस नव्हे. आमचा सात वर्षांचा मोती दिवसभर उन्हांत पडून राहूं लागला. आहार तोच, तरी अंग सुटलें. दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले, पण खाज मुळींच नाहीं. 'म्हातारा झाला, शेतावर धाडून द्या,' असें घरांत निघालें. धाकट्या सूनबाईंनीं मात्र त्यास पशुवैद्यांकडे नेलें. रक्तांत थायरॉइड ग्रंथीचा स्राव, थायरॉक्सिन, अत्यल्प आढळला. त्या ग्रंथीस चेतविणारा स्राव मात्र वाढलेला. अन्य आजारांतही थायरॉक्सिन उतरतें, म्हणून दोन्ही पाहावे लागतात.

आम्हीं कारण विचारलें. गळ्यांतील ही ग्रंथि देहाच्या चुलीचा जाळ राखते; श्वानांत बहुधा शरीराची रक्षकशक्तिच तिच्यावर उलटते, किंवा ती आपोआप झिजते. थायरॉक्सिन केंडॉल यांनीं १९१४ सालीं अमेरिकेंत प्रथम वेगळें काढलें. आज त्याची गोळी मिळते. ती जन्मभर द्यावी लागते. वजनाच्या मानानें श्वानाची मात्रा मनुष्याहून पुष्कळ अधिक असते. सबब घरांतील कोणाची गोळी अंदाजानें देऊं नये.

दोन महिन्यांत मोती फाटकापर्यंत धांवूं लागला. केसांस अधिक काळ लागला. मुक्या जीवास शेतावर धाडण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासावें, इतकेंच वाचकांस सांगणें.