डिकीतली स्टेपनी

एमजीए ही १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झालेली दोघांपुरती उघडी गाडी. रोडस्टर. दाराला बाहेरून हँडल नाही. आत हात घालून दोरी ओढायची. लाखभर गाड्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. जबलपुरात मी ती कधी पाहिली नाही. मला ती भेटली एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना.

कथेत रात्री आडरस्त्यावर चाक बसतं. मी लिहिलं, 'त्यानं डिकीतली स्टेपनी काढली.' संपादकांनी दोन्ही शब्दांखाली रेघ ओढून समासात सुचवलं: सामानाचा कप्पा, जादा चाक. मराठी शब्द असावेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

जबलपूरच्या मराठी माणसाला अशी रेघ जरा जास्तच टोचते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. मग नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरं जागच्या जागी होती, सरहद्द हलली. तेव्हापासून आमच्या मराठीकडे कुणी ना कुणी दाखला मागतंच.

म्हणून या दोन शब्दांचे दाखले काढले. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक येत नसे. १९०४च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी टायर चढवलेली, बिनआऱ्यांची धाव काढली. ती पंक्चर झालेल्या चाकावर अडकवायची आणि घर गाठायचं. आज इंग्लंडमध्ये स्टेपनी म्हटलं तर क्वचितच कुणाला कळेल. आपल्याकडे ट्रकच्या क्लीनरलाही कळतं.

डिकी म्हणजे जुन्या दोन आसनी गाड्यांच्या मागे झाकण उचलून उघडायची जादा बैठक. ट्रायम्फ रोडस्टरला ती १९४९ पर्यंत होती. एमजीएमध्ये बैठक गेली, झाकण राहिलं, आणि आतली बरीचशी जागा जादा चाकानं अडवली. म्हणजे डिकी हा शब्द मुळात रोडस्टरच्याच घराण्यातला. तिकडे बैठकीबरोबर तो मागे पडला, इकडे टिकला. तो मी परका कसा म्हणू?

संपादकांना मी एवढंच कळवलं की अंधारात, घाईत असलेला माणूस 'सामानाचा कप्पा' उघडत नाही. त्यांनी वाक्य तसंच ठेवलं.

या शोधात आणखी एक गोष्ट हाती लागली. सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीच्या बी-सिरीजमधलं. त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये अनेक वर्षं होतं. एमजीएला दोन कार्बुरेटर, ॲम्बॅसडरला एक. तिकडे दोघांना वारा खात पळवायचं काम, इकडे अख्खं कुटुंब, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या ओढायचं.

बाबांकडे जुनी ॲम्बॅसडर होती. एमजीए हे नावही त्यांच्या कानावर आलं नसेल. पण दर रविवारी बॉनेट उघडून ते त्या इंजिनाशी तासन् तास झटत. घमापूरच्या मिस्त्रीशी हिंदीत बोलत, आणि मागे वळून मला सांगत, ''डिकी उघड गं, स्टेपनीत हवा आहे का बघ.'' मराठी मी शिकले ती अशाच वाक्यांतून.