शाकारणी

आमच्या मुरबाड तालुक्यात पाऊस येण्यापूर्वीच त्याची चाहूल माणसांच्या धांदलीवरून कळते. शेतात राब भाजून झालेला असतो, पडवीत लाकूडफाटा रचला जातो, डाळी-मिरच्या उन्हे दाखवून डब्यांत भरल्या जातात. या तयारीच्या दिवसांना आमच्याकडे आगोट म्हणतात. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि 7 जूनच्या सुमारास मृग. या दोहोंच्या दरम्यान ज्याचे घर शाकारून झाले, तो निश्चिंत. ज्याचे राहिले, त्याची नजर जेवताना, झोपताना, बोलताना सारखी आभाळाकडे लागलेली असते.

1991 सालच्या आगोटीत आमची अवस्था अशीच होती. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

आमच्या घराच्या पुढच्या भागावर मंगळुरी कौले होती. 1865 साली बासेल मिशनने मंगळूर येथे अशा कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही चपटी, खाचांनी एकमेकांत अडकणारी कौले दूरदूर पसरली. मागच्या भागावर मात्र गावठी नळीची कौले होती. कुंभार चाकावर मातीची नळी घडवतो आणि तिचे उभे दोन भाग करून ती भाजतो, म्हणजे अशी दोन कौले तयार होतात. एक ओळ उताणी मांडावयाची, तिच्या दोन कडांवर दुसरी पालथी घालावयाची. पाणी पालथ्या कौलावरून उताण्या कौलात उतरते आणि पन्हळीसारखे वाहून जाते. पण ही कौले नुसती टेकलेली असतात. वानराने उडी मारली, मांजर धावले किंवा कावळ्याने चोच घातली की ती सरकतात. म्हणून दर वर्षी ती उतरवून, झाडून, फुटकी निवडून, कुजलेल्या रिपा बदलून पुन्हा मांडावी लागतात. हीच शाकारणी.

हे काम दिसते सोपे, पण ते येणाऱ्यालाच येते. वाशांवरून चालताना पाय कोठे टाकावा आणि कोठे टाकू नये, हे पायांनाच ठाऊक असावे लागते. आमच्याकडे पूर्वी या कामाला शहापूर तालुक्यातील एका वाडीवरचे एक कातकरी गृहस्थ येत असत. आम्ही मुले त्यांना कौलेकाका म्हणत असू. ते चार दिवस आमच्या ओटीवरच मुक्काम करीत आणि त्यांच्याबरोबर माझ्याच वयाचा त्यांचा मुलगा येत असे. परंतु 1986 नंतर त्यांना बोलावणे गेले नव्हते. पाच वर्षे दुसरा कोणी येई, चार कौले नीट बसवी आणि दहा फोडून जाई. त्या वर्षी तोही कल्याणकडे कामाला निघून गेला. तेव्हा वडील एक दिवस एस. टी.ने किन्हवलीला गेले आणि तेथून पायी वाडीवर जाऊन निरोप ठेवून आले.

"वाडीवर म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नाही," परत आल्यावर वडील म्हणाले. "सारी वीटभट्टीवर गेली आहेत. भट्टी सुटली की येतील."

दिवाळीनंतर आमच्या भागातील पुष्कळ कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पाय मोकळे होत नाहीत. पाऊस आला की विटा पाडणे थांबते आणि माणसे घरी परततात. म्हणजे ज्या पावसाआधी कौलेकाकांनी आमच्याकडे यावे अशी आमची इच्छा होती, तो पाऊस जवळ आल्याशिवाय त्यांची सुटका होणारच नव्हती!

आजीला हे बोलावणे मनातून आवडलेले नव्हते. ती नुसते एवढेच म्हणाली, "त्यालाच बोलवायचे का?" त्याचे कारण घरात सर्वांना माहीत होते.

1986 च्या शाकारणीत माझा चांदीचा करदोटा हरवला होता. छप्पर उघडे, सामान अंगणात, माणसांची ये-जा. काम संपल्यावर आजीला करदोट्याची आठवण झाली आणि तो सापडेना. कोणी कोणाला चोर म्हटले नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वडिलांनी कौलेकाकांना वाटेत गाठून विचारले, "मुलाने खेळता खेळता काही उचलले तर नाही ना?" ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "विचारतो." पुढे त्यांचा निरोप आला, पोराजवळ काही नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना बोलावले नाही आणि तेही आले नाहीत.

आता आम्ही त्यांची वाट पाहत होतो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. एका संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली आणि मागच्या खोलीत तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "नुसते दाराकडे पाहत बसण्यापेक्षा माळा झाडून काढू. कौले उतरली की सारी धूळ खालीच येणार आहे."

माळ्यावरची अडगळ म्हणजे घराची आठवणच असते. वरून एकेक वस्तू खाली येऊ लागली. मोडके इरले आले, फुटक्या काचेचा कंदील आला. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाल्याची वार्ता गावात आली, त्या रात्री आजोबा हाच कंदील जवळ घेऊन ओटीवर बसून राहिले होते, असे आजीने सांगितले. वडिलांची शाळेतली पाटी आली. मग एका टोपलीच्या तळाशी लाकडी भोवरा सापडला. त्याची आर गंजली होती, पण अंगावरचे तांबडे-हिरवे पट्टे ओळखू येत होते.

तो माझा नव्हता. कौलेकाकांच्या मुलाचा होता. 1986 साली मी तो त्याच्याकडून खेळायला घेतला होता आणि परत करायचा राहून गेला होता. मी तो हळूच खिशात टाकला.

अखेर धान्याची जुनी मापे निघाली. 1956 साली कायदा होऊन देशात दशमान पद्धतीची वजने-मापे हळूहळू रूढ झाली आणि पायली, शेर, मापटे, चिपटे ही मंडळी माळ्यावर गेली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक आजी मला म्हणून दाखवीत होती. बोलता बोलता तिने मापटे उपडे करून ठोकले. आतून फडक्याचा एक बोळा खाली पडला. तिने त्याची गाठ सोडली आणि ती एकदम गप्प झाली.

फडक्यात माझा करदोटा होता.

आजी मटकन खाली बसली. थोड्या वेळाने तिला सारे आठवले. घरात परकी माणसे वावरणार, म्हणून तिनेच तो फडक्यात बांधून मापट्यात कोंबला होता. सामान हलवताना मापटे टोपलीत गेले, टोपली माळ्यावर गेली आणि तिची आठवणही बरोबर गेली. ज्यांच्या भीतीने वस्तू लपविली, ती हरवल्यावर संशय त्यांच्यावरच आला!

रात्री जेवताना काका म्हणाले, "झाले ते झाले. त्याला तोंडावर कोणी चोर म्हटले नव्हते. मग आता हे सांगायचे तरी कशाला? उगाच जुनी खपली निघेल."

आजी पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग ती म्हणाली, "म्हटले नव्हते हे खरे. पण मानले होते ना? मनात मानले म्हणूनच पाच वर्षे बोलावले नाही. त्याला काय ते कळले नसेल?"

यावर कोणाजवळही उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे अंगणात कौलेकाका उभे होते. अंगावर विटांची तांबडी धूळ तशीच होती. भट्टी आदल्या दिवशी सुटली होती. मागे त्यांचा मुलगा होता, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच. पूर्वी हे दोघे सरळ ओटीवर येऊन बसत. आज दोघेही पायरीपाशीच थांबले.

आजी स्वतः अंगणात गेली. तिच्या तळहातावर करदोटा होता. ती म्हणाली, "हा आमच्याच घरात होता. मीच ठेवला आणि मीच विसरले. पाच वर्षे तुमच्यावर संशय धरला. चूक माझी आहे."

कौलेकाकांनी करदोट्याकडे पाहिले, पण हात लावला नाही. मग मुलाकडे न पाहता ते म्हणाले, "आई, त्या रातीला मी याला लय मारलं. हा 'नाही' म्हणत होता आणि मी मारत होतो."

अंगणात सगळे स्तब्ध झाले. आमच्या एका प्रश्नाची वाट कोठवर गेली होती, हे आम्हांला त्या क्षणी कळले. वडिलांनी मान खाली घातली. आजीने पुढे होऊन त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, पण तो ताठ उभा राहिला. पाच वर्षांचे दुःख एका शब्दाने कसे जाईल?

काही वेळाने कौलेकाकांनी आभाळाकडे पाहिले आणि शिडी मागितली. काम सुरू झाले. कौले मांडताना सुरुवात वळचणीपासून करून वर आढ्याकडे जायचे असते, म्हणजे वरचे कौल खालच्यावर चढते आणि पाणी आत शिरत नाही. मी अंगणातून कौले झाडून देत होतो, तो मुलगा शिडीवर उभा राहून ती वर पोचवीत होता. सकाळभर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

दुपारी सगळे ओटीवर जेवायला बसले, तेव्हा मी खिशातून भोवरा काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हणालो, "हा तुझा. माझ्याकडेच राहिला होता."

त्याने भोवरा उचलून निरखून पाहिला. मला आपल्या तोंडून निघालेल्या वाक्याचीच लाज वाटली. आमची वस्तू नेल्याचा संशय ज्याच्यावर होता, त्याचीच वस्तू पाच वर्षे आमच्या घरात पडून होती आणि तिची चौकशी करायला मात्र आमच्या दारात कोणी आले नव्हते!

जेवण झाल्यावर तो अंगणातल्या दगडावर भोवऱ्याची आर घासू लागला. गंज निघाल्यावर त्याने माझ्याकडे दोरी मागितली. पहिल्या फेकीला भोवरा आडवा पडला, दुसऱ्या फेकीला मात्र तो उभा राहिला आणि गुणगुणत फिरू लागला. "अजून चालतो," तो म्हणाला. त्या दिवशी तो माझ्याशी एवढेच बोलला.

तिसऱ्या दिवशी आमचे घर शाकारून झाले. निघताना सहज बोलण्यातून कळले, की कौलेकाकांच्या स्वतःच्या झोपडीवर अजून गवतही पडलेले नाही. आजीने वडिलांना आणि मला पेंढ्याचे भारे देऊन त्यांच्याबरोबर पाठविले. आम्ही दोन दिवस वाडीवर राहिलो. तेथे शिडीवर मी होतो आणि गवत कसे दाबून बांधावे हे तो मुलगा मला दाखवीत होता. बांधलेली माझी पहिली पेंडी त्याने सोडली आणि मला पुन्हा बांधायला लावली.

आता आमच्या गावात पुष्कळ घरांवर पत्रे आणि काँक्रीटचे छप्पर आले आहे. शाकारणीची वाट पाहणारी घरे थोडी उरली आहेत. ते मापटे मात्र मी शहरातल्या माझ्या घरी आणले आहे आणि टेबलावर ठेवले आहे. घरात एखादी वस्तू दिसेनाशी झाली आणि "कोणी नेली?" असा प्रश्न ओठांवर आला, की माझी नजर त्याच्याकडे जाते. मग मी तो प्रश्न गिळतो, उठतो आणि प्रथम माझाच खण उघडून पाहतो.