सशाच्या डोळ्यांतील रंग

घरी ससा आला की मुलांचे हात त्याच्यासाठी रंगीबेरंगी वस्तू गोळा करू लागतात. त्याच्या खोक्याला निळा कागद चिकटवला जातो, दाण्यासाठी तांबडी वाटी निवडली जाते, आणि कोणीतरी त्याच्या गळ्यात बांधावयास हिरवी फीत घेऊन येतो. ससा ती फीत कुरतडून टाकतो, ही गोष्ट निराळी! चार दिवस जातात न जातात तोच त्याच्या आवडीनिवडीविषयी घरात वाद सुरू होतो. तो धावत येतो तो तांबड्या वाटीकडे. म्हणून त्याला तांबडा रंग आवडतो, असे धाकट्याचे म्हणणे. गाजर पुढे करताच तो कान टवकारतो. तेव्हा नारिंगी हाच त्याचा लाडका रंग, असे थोरली बजावून सांगते. आजीचे मत सर्वांहून वेगळे असते. जनावराला कसले आले आहेत रंग? त्याला सारे काळे-पांढरेच दिसावयाचे!

वाद रंगतो खरा, पण ज्याच्याविषयी तो चाललेला असतो त्याला कोणी काही विचारलेले नसते. मुक्या प्राण्याला विचारावे तरी कसे? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुण शास्त्रज्ञापुढे उभा होता. त्याचा प्राणी ससा नव्हता, मधमाशी होती. पण त्याने शोधलेली युक्ती सशालाही लागू पडते.

जर्मनीतील म्यूनिक शहरी कार्ल फॉन हेस नावाचे एक नामांकित नेत्रवैद्य होते. मासे, मधमाशा यांसारख्या प्राण्यांना रंग मुळीच कळत नाहीत, फक्त उजेड कमी-जास्त झालेला कळतो, असे त्यांचे ठाम मत होते. त्याच शहरातील विद्यापीठात काम करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना हे पटेना. मधमाशांना रंग कळत नसतील, तर फुलांनी इतके नटावे ते कोणासाठी? पण नुसती शंका म्हणजे पुरावा नव्हे, हे ते जाणून होते. त्यांनी टेबलावर एक निळा कागद ठेवला आणि त्याच्या सभोवती करड्या रंगाचे अनेक कागद मांडले. काही फिके, काही मध्यम, काही अगदी काळपट. प्रत्येक कागदावर काचेची लहानशी बशी होती, पण साखरेचे पाणी होते ते निळ्या कागदावरील बशीतच. मधमाशा जागा ध्यानात ठेवतील म्हणून ते कागदांची अदलाबदल करीत. अखेरीस त्यांनी सर्व बशा बदलून रिकाम्या बशा ठेवल्या. तरीही मधमाशा घोंगावत निळ्या कागदावरच उतरल्या! निळा रंग त्यांना केवळ एक उजळ किंवा मंद छटा म्हणून दिसत असता, तर तेवढ्याच उजळपणाच्या एखाद्या करड्या कागदावर त्या फसल्या असत्या. त्या फसल्या नाहीत. मात्र तांबड्या कागदावर शिकवलेल्या मधमाशांना तांबडा आणि काळपट यांतील भेद ओळखता आला नाही. हे काम १९१४ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७३ साली, मधमाशांच्या नृत्याचा अर्थ उलगडणाऱ्या संशोधनाबद्दल, फ्रिश यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता तांबड्या वाटीकडे वळावे. ससा तिच्याकडे धावतो, पण काल दाणे तेथेच होते आणि परवाही तेथेच होते. वाटीची जागा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. दाण्यांचा वास त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही येतो. शिवाय तांबडी वाटी पांढऱ्या फरशीवर काळपट डागासारखी उठून दिसत असेल. जागा, वास आणि उजळपणा ही तीन कारणे दूर केल्यावाचून रंगाचे नाव घेणे म्हणजे सशाच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. गाजराची गोष्टही तशीच. गाजर गोड असते, आणि गोडाचा मोह सशालाही पडतो. त्या मोहापायी त्याला रोज गाजरे चारणे मात्र बरे नव्हे. त्याचे खरे अन्न म्हणजे गवत.

तथापि आजीचे म्हणणेही पूर्ण खरे नाही. माणसाच्या डोळ्याच्या मागील पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडाकार पेशी मंद उजेडात उपयोगी पडतात, पण त्यांना रंग कळत नाही. रंग कळतो तो शंक्वाकार पेशींमुळे. माणसात या शंक्वाकार पेशी तीन जातींच्या असतात; सशात त्या दोनच जातींच्या आहेत. एक जात निळ्या प्रकाशाला चटकन दाद देते, दुसरी हिरव्याला. म्हणून निळा आणि हिरवा यांतील भेद सशाला कळतो. गडद तांबडा प्रकाश मात्र या दोहोंपैकी कोणालाच फारसा जाणवत नाही. मुलांनी हौसेने निवडलेली तांबडी वाटी त्याला बहुधा मळकट, काळसर भासत असेल. निळा कागद तेवढा निळा.

दोनच जातींच्या पेशींनी पाहणे म्हणजे काय, हे सशाला सांगता येत नाही. परंतु एका माणसाने ते सांगून ठेवले आहे. जॉन डाल्टन हे इंग्लंडमधील थोर रसायनशास्त्रज्ञ. जिरेनियमचे एक गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबूस. त्यांचा भाऊ सोडल्यास इतरांना तसे काहीच दिसत नसे. लाखेची तांबडी कांडी आणि झाडाचे हिरवे पान त्यांना जवळजवळ एकाच रंगाची वाटत. १७९४ साली मँचेस्टर येथे त्यांनी आपल्या दृष्टीविषयी निबंध वाचला. डोळ्यातील द्रव आपल्या बाबतीत निळसर असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता; आणि मृत्यूनंतर आपले डोळे तपासून पाहावेत, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ साली ते वारले. त्यांचा डोळा उघडून पाहिला, तो द्रव अगदी स्वच्छ, बिनरंगी निघाला. तर्क चुकला होता, पण डोळा जपून ठेवला गेला. पुढे १९९५ साली त्या डोळ्यातील आनुवंशिक द्रव्य तपासण्यात आले, आणि तीन जातींपैकी मधली जात त्यांच्यात नव्हतीच, असे दिसून आले. सशाची उणीव हुबेहूब तीच नव्हे, तरी तांबड्या-हिरव्याचा घोटाळा दोघांच्या वाट्याला सारखाच आला.

उणीव हा शब्द मात्र माणसाच्या बाजूचा आहे. पाळीव ससा हा मूळच्या स्पेन आणि पोर्तुगालकडील, बिळात राहणाऱ्या रानसशांचा वंशज. (महाराष्ट्राच्या माळरानावरचा ससा निराळ्या जातीचा, तो बीळ करीत नाही, आणि त्याची पिले उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाच्या पिलांचे डोळे उघडावयास सुमारे दहा दिवस लागतात.) ज्याच्यावर कोल्हा टपलेला आणि ससाणा घिरट्या घालीत असतो, त्याला सर्व बाजूंनी पाहता आले पाहिजे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित वर आहेत. त्यामुळे मान न वळवता त्याला पुढचे, मागचे आणि माथ्यावरचेही दिसते. दिसत नाही ते फक्त अगदी नाकासमोरचे. ओठाजवळ आणलेला पाला तो मिशांनी चाचपून आणि हुंगून ओळखतो. त्याच्या रंगाचा तेथे काही उपयोगच नसतो. निळा ओळखणाऱ्या पेशींची दाटी डोळ्याच्या पडद्याच्या तळाकडील काठाला आहे, आणि त्या काठावर प्रतिमा पडते ती आकाशाची.

पांढऱ्याशुभ्र, तांबड्या डोळ्यांच्या सशाविषयी मुलांना आणखी एक शंका येते. त्याला सारे जग तांबडे दिसत असेल काय? तसे नसते. त्याच्या डोळ्यात रंगद्रव्यच नसल्यामुळे आतील रक्त दिसते, एवढेच. पण त्याच कारणाने फाजील उजेड आत शिरतो आणि डोळे दिपतात. असा ससा समोर पाहताना कधीकधी डोके हळूहळू डावी-उजवीकडे डोलवतो. तो नाचत नसतो. धूसर दिसणाऱ्या वस्तूचे अंतर अजमावीत असतो. त्याचे खोके उन्हात न ठेवता सावलीत ठेवावे लागते.

दिवेलागणीची वेळ झाली, की वाटीचा तांबडा आणि फितीचा हिरवा माणसालाही धड ओळखू येत नाहीत. दिवसभर डुलक्या घेणारा ससा नेमका तेव्हाच खोक्याबाहेर येतो, मागच्या पायांवर उभा राहून एकवार चहूकडे कानोसा घेतो आणि घरभर उड्या मारू लागतो.