चार्लीचा ठेका

रोलिंग स्टोन्स म्हणजे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स, आणि मागे ड्रमवर बसलेला चार्ली वॉट्स म्हणजे योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचलेला नशीबवान माणूस, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मित्रांशी वाद घालताना ते मी हिरिरीने मांडलं आहे. आज ते मत राहिलेलं नाही. ज्या गाण्यांनी ते बदललं, ती माझी अतिशय आवडती गाणी आहेत. म्हणून त्यांच्यासकट हे सगळं एकदा सांगावंसं वाटतं.

जुन्या मतालाही कारणं होती. मी मूळचा मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी होणारा संगीतोत्सव ऐकत मोठा झालो. तबला म्हटलं की माझे कान कायदे, रेले, तिहाया आणि चक्रदार यांच्याकडे लागायचे. पुढे कॉलेजात रॉक संगीत हाती आलं, तेव्हा ड्रमरकडूनही मी तयारीचीच अपेक्षा धरली. क्रीमचा जिंजर बेकर, लेड झेपलिनचा जॉन बॉनम, द हूचा कीथ मून ही माझी दैवतं. ‘टोड’ आणि ‘मोबी डिक’ मी ऐकायचो ते केवळ ड्रमच्या सोलोसाठी. चार्लीला सोलोचं मुळी वावडं. चार ढोलांचा आटोपशीर सेट, अंगात नीटनेटका शर्ट, चेहऱ्यावर रेषही हलत नाही. यात ऐकण्यासारखं काय आहे, हा माझा प्रश्न होता.

4 एप्रिल 2003 रोजी स्टोन्स बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवायला आले. भारतातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम. तीन दिवसांनी मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर दुसरा झाला. नोकरीसाठी मी तोवर बेंगळुरूत स्थिरावलो होतो, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. साठीला टेकलेला जॅगर ज्या वेगाने रंगमंचभर धावत होता, त्यावरून नजर हटत नव्हती. परतताना मेखरी सर्कलपर्यंत आम्ही मित्र बोलत होतो ते त्याच्याबद्दल आणि कीथच्या गिटारबद्दल. चार्लीचा विषय एकदाही निघाला नाही.

पहिला धक्का दिला ‘स्ट्रीट फाइटिंग मॅन’ने. कीथचं ‘लाइफ’ हे आत्मचरित्र 2010 साली आलं. त्याची एक जुनी प्रत मी चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसम या पुस्तकांच्या दुकानातून घेतली. 1968 चं हे गाणं मी कायम इलेक्ट्रिक गिटारचं समजत आलो होतो. प्रत्यक्षात बेस सोडला तर त्यात इलेक्ट्रिक गिटार नाहीच. कीथने साधी अकूस्टिक गिटार एका छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर इतकी जोरात ध्वनिमुद्रित केली की आवाज फाटला, आणि तो फाटलेला आवाजच त्याला हवा होता. चार्लीने वाजवला तो 1930 च्या दशकातला, सरावासाठी बनवलेला खेळण्यासारखा ड्रमसेट. तो एका छोट्या सुटकेसमध्ये मावायचा. ढोल म्हणजे झांजा काढलेल्या खंजिऱ्याच जणू, आणि स्नेअरचं कातडं अगदी पातळ. त्याच गाण्यात स्टोन्सच्याच ब्रायन जोन्सची सतार आणि तंबोरा आहे, डेव्ह मेसनची शहनाई आहे. हे वाचल्यावर मी गाणं परत लावलं आणि पहिल्यांदा ड्रम ऐकला. रस्त्यावर उतरलेल्या जमावाचा तो सगळा दणदणाट त्या पेटीतल्या सेटमधून निघालेला आहे. मोठा सेट आणून दणदणाट कुणीही केला असता. गाण्याला कुठला आवाज लागतो हे ओळखून तसं वाद्य शोधणं ही वेगळीच जाण आहे.

मग मी बाकीची गाणी चार्लीच्या बाजूने ऐकायला लागलो. ‘सॅटिस्फॅक्शन’ची गोष्ट सर्वांना ठाऊक असते: कीथने झोपेत उठून टेपरेकॉर्डरवर ती धून वाजवली आणि पुढे टेपभर नुसतं घोरणं. स्टुडिओत आवाज फाडणारं फझ पेडल लावून त्याने ती वाजवली, तेव्हा पुढे त्या जागी ट्रम्पेट-सॅक्सोफोन येतील अशी त्याची कल्पना होती. ते कधी आलेच नाहीत. 1965 मध्ये गाणं तसंच बाहेर पडलं. या कथेत चार्ली कुठेच नसतो. पण नीट ऐका. रॉकमध्ये स्नेअर सहसा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, इथे चार्ली चारही मात्रांवर तो ठोकतो. गाण्यातली ती अस्वस्थता, एकच तक्रार पुन्हापुन्हा करणारी, तिथून येते.

‘हाँकी टाँक विमेन’ कीथने ब्राझीलमधल्या एका रँचवर, अमेरिकन खेड्यांतल्या कंट्री संगीताच्या ढंगात बांधलं होतं. लंडनच्या स्टुडिओत त्याचं रूपच पालटलं. सुरुवातीची काउबेल निर्माता जिमी मिलरने वाजवली आहे. तिच्यामागून चार्ली येतो, पण सरळ समेवर नाही. तो किंचित अडखळल्यासारखा आत शिरतो आणि मग ठेका पक्का धरतो. गाण्याची लय शेवटाकडे चांगलीच वाढते. घड्याळ लावून मोजणाऱ्याला हा दोष वाटेल. ख्यालात लय हळूहळू चढत गेलेली ऐकलेल्या माणसाला तो वाटू नये, आणि तरी मला इतकी वर्षं तो वाटत होता.

सर्वांत जास्त मला हलवलं ते ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट’च्या हकिकतीने. लंडन बाख कॉयरचा समूहस्वर, अल कूपरचा फ्रेंच हॉर्न, असा मोठा थाट. पण 1968 च्या त्या ध्वनिमुद्रणात ड्रमवर चार्ली नाही. त्याला तो ठेका हवा तसा बसेना. मिलर दाखवायला बसला, आणि चार्लीने जागा त्यालाच दिली. पुढे कार्यक्रमांतून चार्लीने ते गाणं अनेक दशकं वाजवलं. गाण्यासाठी जागा सोडणारा आणि नंतर तेच गाणं आपलंसं करणारा वादक ‘नशीबवान’ या एका शब्दात कसा बसवायचा?

चार्लीच्या हातांकडे मी त्यानंतर बघू लागलो. कार्यक्रमांच्या चित्रफिती आहेत, कुणीही पाहू शकतं. इतर बहुतेक ड्रमरांचा उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर अखंड चालू असतो. चार्लीचा डावा हात स्नेअरवर पडतो, त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून वर आलेला असतो, तव्याला बोट लागल्यावर मागे घ्यावा तसा. त्यामुळे स्नेअरचा आवाज एकटा, स्वच्छ ऐकू येतो आणि त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा राहते. गायकाचा शब्द आणि कीथची गिटार त्या जागेत येऊन बसतात. बेसवादक बिल वायमनने सांगून ठेवलंय की इतर बँड ड्रमरच्या मागून जातात, स्टोन्समध्ये चार्ली कीथच्या मागून जातो. म्हणून ड्रम गिटारच्या केसभर मागे पडतो, आणि गाणं डुलतं ते त्यामुळेच.

हे सगळं मला उमगलं, याचं श्रेय बेंगळुरूलाही द्यायला हवं. चामराजपेठेच्या फोर्ट हायस्कूलच्या आवारात श्री रामसेवा मंडळी 1939 पासून रामनवमीचा कर्नाटक संगीताचा उत्सव करते. मी जायचो ते तनि आवर्तनासाठी, मृदंग आणि घटमची जुगलबंदी ऐकायला. शेजारी बसणारे एक वयस्कर कन्नड गृहस्थ मात्र तनि सुरू झालं की पानक आणि कोसंबरी घ्यायला उठायचे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, मृदंगवाला कसा आहे ते कृती, म्हणजे मूळ रचना, चालू असतानाच कळतं, गायिका अनुपल्लवीत वर जाते तेव्हा तो हात कधी थांबवतो यावरून. पुढच्या वेळी मी तेवढंच ऐकलं. चार्लीचा उचललेला उजवा हात मला त्या मांडवात नीट समजला. मग विलंबित ख्यालात तासभर सरळ ठेका धरून बसलेले मिरजेतले तबलजी आठवले. तेव्हा मी त्यांच्याकडे कान दिला नव्हता.

बेकर, बॉनम, मून यांच्याबद्दलचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. स्टोन्समध्ये येण्याआधी चार्ली लंडनमध्ये अलेक्सिस कॉर्नरच्या बँडमध्ये होता. तो निघाल्यावर त्याच्या जागी आला तो जिंजर बेकरच. दोघेही मुळात जॅझचे. एकाने ड्रम पुढे आणला, दुसऱ्याने गाणं पुढे केलं. जानेवारी 1963 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 58 वर्षं, चार्लीने हे केलं. आता मला यातलं दुसरं काम अधिक अवघड वाटतं.

चार्ली 24 ऑगस्ट 2021 रोजी गेला. स्टीव्ह जॉर्डन त्याच्या जागी बसला. जॉर्डन भक्कम, नेमका, ताकदीचा वादक आहे. त्याच्या हाताखाली तीच गाणी घट्ट आणि पुढे झुकलेली वाटतात. चार्ली काय करत होता, हे त्याच्या जाण्यानंतर कुणालाही कळण्याइतकं स्पष्ट झालं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः ऐका. 2023 च्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बममध्ये दोन गाण्यांत चार्लीचं वादन आहे. त्यातलं ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ ऐका आणि मग त्याच अल्बममधलं, जॉर्डनने वाजवलेलं ‘अँग्री’. जॅगरकडे दुर्लक्ष करा, फक्त स्नेअर ऐका. फरक कळला की ‘हाँकी टाँक विमेन’ लावा आणि चार्ली आत कसा शिरतो ते पाहा. स्टोन्सची गाणी जॅगर आणि रिचर्ड्स या दोघांनी लिहिली हे खरंच आहे, पण ती उभी आहेत चार्लीच्या ठेक्यावर.