भिंतीवरची पहिली चौकट

पौड, ता. मुळशी

चि. मुक्ता,

सामूहिक भित्तिचित्र म्हणजे वस्तीने आपली ओळख आपल्याच भिंतीवर मांडणे. माणच्या भिंतीसाठी तू पाठवलेल्या आराखड्यात संगणकापुढची मुले आहेत, परप्रांतीय गवंडी आहेत, छठपूजेची सुपेही आहेत. सगळे खरे आणि हवेच. पण 'इथे आलेले सारे' हा मथळा वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मुळशीतल्या स्थलांतराची कथा येणाऱ्यांपासून नव्हे, उठवलेल्यांपासून सुरू होते. हे तू विसरावेस?

निळा-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. लढ्याचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. १९२४पर्यंत लढा मोडला. भातखाचरे बुडाली, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरले आणि वीज मुंबईला गेली. आपल्या वाड्यातले जाते आठवते ना? खुंटा काढून त्याच्या भोकात बोट घालायचीस आणि ओरडा खायचीस. ते जाते बुडीत गावातलेच. वरची तळी एकाने, खालची दुसऱ्याने डोक्यावरून आणली होती.

उठवलेल्यांना भिंतीवर जागा देता येते. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडिथ बाका यांनी १९७६पासून वस्त्यांमधल्या शेकडो मुलांना हाताशी धरून सुमारे अर्धा मैल लांबीचे भित्तिचित्र रंगवले. त्यात स्थलांतरितांचा इतिहास आहे, आणि चावेझ रव्हीन या वस्तीतून हुसकावलेली कुटुंबेही आहेत. त्या जागी पुढे बेसबॉलचे स्टेडियम उभे राहिले. आलेले आणि उठवलेले एकाच भिंतीवर आल्याने त्या चित्रात शहराचा इतिहास पुरा होतो.

चित्र टिकणे भिंतीच्या तयारीवर अवलंबून असते. चुन्याचे पोपडे खरवडायचे, भेगा बुजवायच्या, भिंत पुरती वाळली की प्रायमर आणि मगच बाहेरच्या भिंतीचा रंग. आत ओल राहिली तर इथल्या पहिल्याच पावसाळ्यात माणसांचे चेहरे सुटून पडतील. काम दिवाळीनंतरच धर. घाई करशील, हीच धास्ती वाटते.

रंगाआधी मात्र घरोघर जाऊन विचारावे लागते. धरणग्रस्तांच्या घरांत ऐकीव गोष्टी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मथळा बदल. पहिली चौकट उठवलेल्यांची असू दे, आणि ती त्यांच्या पतवंडांच्या हातून रंगव.

तुझी आत्या