आम्ही मारिओ खेळतों

शाळेच्या वार्षिकांत खेळावर लेख लिहावयाचा म्हणजे तो क्रिकेट, हुतुतू किंवा लंगडी यांवर असावा, असा जुना शिरस्ता आहे, आणि तो योग्यच आहे. मैदानावर घाम गाळल्यावांचून शरीर बळकट होत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. तथापि आज आम्ही ज्या खेळाविषयीं चार शब्द लिहिणार आहों, त्यास मैदान लागत नाहीं, घाम तर मुळींच येत नाहीं, आणि त्याचें नांव निघतांच वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. तो खेळ म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर खेळावयाचा मारिओचा व्हिडिओ गेम होय. ‘या वयांत हें काय आरंभिलें आहे?’ असें शेजारीपाजारी आम्हांस विचारतात. त्यांस उत्तर द्यावें, आणि आमच्या बालवाचकांच्या आईवडिलांपुढें या खेळाची एक बाजू मांडावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगून ठेवतों कीं, या खेळांत आम्ही निष्णात नाहीं व होण्याची इच्छाही धरीत नाहीं. एखाद्या वादकानें मैफल गाजवावी, आणि दुसऱ्या कोणीं दिवेलागणीस घरच्या पेटीवर दोन अभंग वाजवून समाधान मानावें, या दोहोंत जो फरक तोच निष्णात खेळाडूंत व आमच्यांत आहे. आम्ही पेटीवाल्यांच्या पंक्तींतले.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. पडद्यावर एक ठेंगणा, मिशाळ, तांबडी टोपी घातलेला मनुष्य असतो, तोच मारिओ. हातांतील कंट्रोलरचीं बटणें दाबून त्यास पळवावयाचें, एका चबुतऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारावयास लावावयाचें, आणि खड्डे व शत्रू यांपासून वांचवून मुक्कामास पोंचवावयाचें. या जातीच्या खेळांस ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. शीव स्टेशनावरून रोज गाडी पकडणाऱ्यांस प्लॅटफॉर्म म्हणजे काय हें सांगावयास नको. मात्र तेथें एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यास पूल चढावा लागतो. येथें उडी हाच पूल.

मारिओ प्रथम १९८१ सालीं ‘डाँकी काँग’ नांवाच्या खेळांत अवतरला. त्याचे जनक शिगेरु मियामोतो हे जपानी गृहस्थ. त्या काळच्या यंत्रांत एका माणसाचें चित्र काढावयास फारच थोडे ठिपके मिळत. तेवढ्यांत नाक, तोंड, केंस वेगवेगळे उमटेनात. तेव्हां मियामोतो यांनीं नाकाखालीं मिशा काढल्या व केंसांच्या जागीं टोपी घातली. आज जगभर ओळखली जाणारी ही मुद्रा अशी अडचणींतून जन्मास आली. पुढें १३ सप्टेंबर १९८५ रोजीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानांत निघाला. त्यांत आठ जगें व प्रत्येक जगांत चार, अशा एकंदर ३२ लेव्हल होत्या. हा सारा संसार सुमारें ४० किलोबाइट एवढ्या जागेंत थाटलेला होता. जागा वांचविण्यासाठीं आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप यांस एकच आकृति वापरून केवळ रंग बदललेला आहे. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांस ही काटकसर खचित पसंत पडेल. खेळ काढणारी निंटेंडो ही कंपनी १८८९ सालीं क्योतो शहरांत निघाली, ती पत्ते तयार करण्यासाठीं. म्हणजे घरच्या माणसांनीं एकत्र बसून खेळावें, हा तिचा धंदा मारिओहून पुष्कळ जुना आहे. आमच्या वाचकांच्या आईवडिलांपैकीं कित्येकांनीं १९९० नंतरच्या वर्षांत हाच मारिओ आपल्या चाळींत, शेजाऱ्याच्या टीव्हीस जोडलेल्या यंत्रावर, कॅसेट फुंकून फुंकून लावून खेळला असेल. त्यांनीं आतां मुलांपुढें तें उगाच नाकारूं नये!

या खेळांतील पहिली लेव्हल आम्हांस एखाद्या उत्तम शिक्षकासारखी वाटते. आरंभीं सूचनांची पाटी नाहीं, उपदेश नाहीं. मारिओ पडद्याच्या डाव्या अंगास उभा असतो व उजवीकडे मोकळी वाट असते. जावयाचें कोठें हें आपोआप कळतें. थोडें पुढें जातांच भुवया चढविलेला एक तपकिरी प्राणी सामोरा येतो. त्यास धडकलें कीं एक जीव गेला. परंतु तो अगदीं आरंभींच भेटत असल्यामुळें गमावलेली वाट चार पावलांचीच असते. दुसऱ्या खेपेस हात आपण होऊन उडीच्या बटणाकडे जातो. आणखी पुढें गेलें म्हणजे समोरासमोर रचलेल्या पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीच्या मध्यें जी फट आहे तींत जमीन आहे. तेथें पडलें तरी कांहीं बिघडत नाहीं, पुन्हां उडी मारून वर येतां येतें. दुसऱ्या जोडीच्या मध्यें मात्र अथांग खड्डा आहे. एकच उडी प्रथम निर्भयपणें शिकावी आणि मग जोखीम पत्करून मारावी, अशी ही योजना होय. पोहणें शिकविणारा मनुष्य मुलास आधीं कमरेइतक्या पाण्यांत उभें करतो, त्यांतलाच हा प्रकार. शिकणाऱ्यास एकही शब्द न बोलतां शिकविणें किती कठीण आहे, हें ज्यांनीं कधीं मुलांस दोन अक्षरें शिकविलीं असतील त्यांस ठाऊकच आहे.

चढणें व पडणें यांचा खेळ आपणांस नवा नाहीं. आपल्याकडील मोक्षपट प्रसिद्धच आहे. त्याचें जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरमहाराजांकडे देते. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप मांडून खेळतां खेळतां नीति शिकविणारा तो पट पुढें विलायतेंत जाऊन मुलांची सापशिडी बनला. त्याची थोरवी आम्ही मानतों. तथापि त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं, सापाच्या तोंडीं जाणें हें फांशांच्या हातीं आहे. शहाणा असो वा मूर्ख, दान वाईट पडलें कीं तो खालीं आलाच. मारिओ खड्ड्यांत पडतो तो मात्र आपल्याच अंगठ्याच्या चुकीनें, आणि खड्डा पार करतो तोही आपल्याच अंगठ्याच्या सरावानें. मोक्षपट माणसास नम्र करतो. हा खेळ त्यास ‘पुन्हां एकदां’ म्हणावयास लावतो. या दोहोंचीही मुलांस गरज आहे, असें आमचें मत आहे.

आतां आमच्या घरची गोष्ट. आमची कन्या यंदा सहावींत आहे. गेल्या वर्षीं गणितांत तिला गुण कमी पडले, आणि त्यानंतर तिच्या स्वभावांत एक पालट दिसूं लागला. ज्या खेळांत हार होण्याचा संभव आहे तो खेळच ती खेळेना. बुद्धिबळाचा पट कपाटावर धूळ खात पडला. उत्तर ठाऊक असलें तरी वर्गांत हात वर करावयास ती कचरूं लागली, असें तिच्या मैत्रिणींकडून कळलें. घरांत तिला कोणी रागें भरलें नव्हतें. परंतु आजच्या मुलांच्या अवतीभोंवतीं टक्के, क्रमांक आणि शिकवणीच्या वर्गांतल्या परीक्षा यांचा असा कांहीं गजर चाललेला असतो कीं, न रागावतांही तो कानांत शिरतोच. अशा सुमारास परदेशांतून आलेल्या एका आप्तांनीं तिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ हा खेळ यंत्रासह भेट दिला. हा २० ऑक्टोबर २०२३ रोजीं निघाला आणि चौघांस एकत्र खेळतां येतो. आमच्याकडे तिघेंच खेळतों: कन्या, आम्ही, आणि पंचाहत्तरी गांठलेल्या आमच्या मातोश्री.

या नव्या खेळांत प्रत्येकानें आपला गडी निवडावयाचा असतो. त्यांतील योशी नांवाच्या गड्यास शत्रूंचा मार मुळींच लागत नाहीं. खड्ड्यांत पडला तर मात्र त्याचाही इलाज नाहीं. कन्येचें मन दुखावूं नये म्हणून योशी तिनेंच घ्यावा, असें आम्हीं सुचविलें. तिनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “नको बाबा, योशी आजीला द्या. तिचे हात थरथरतात. मला टोड द्या.” टोड म्हणजे साधा गडी, त्यास मारही लागतो व तो पडतोही. त्या संध्याकाळीं ती एकाच खड्ड्यांत अकरा वेळां पडली. आम्ही मनांत मोजीत होतों, व आतां कंट्रोलर खालीं ठेवील, मग ठेवील, अशी धास्ती बाळगून होतों. बाराव्या खेपेस ती पुन्हां पडली आणि खदखदां हंसली. तेराव्या खेपेस पलीकडे गेली. कित्येक महिन्यांत आम्हीं तिला हरतांना हंसलेली पाहिली नव्हती.

याचें एक कारण खेळाच्या रचनेंतच आहे. येथें बहुतेक लेव्हलींत घड्याळाचा तगादा नाहीं. शिवाय अनेक जण मिळून खेळत असतां जो पडतो तो लगेच बाद होत नाहीं. कांहीं क्षण तो पांढऱ्या भुतासारखा तरंगत राहतो, आणि तेवढ्यांत सोबत्यास शिवला तर पुन्हां जिवंत होतो. म्हणून आमच्या घरीं पडणाऱ्याची पहिली हांक ‘मेलों’ अशी नसून ‘थांबा, आलों’ अशी असते. जो एकटाच पुढें धांवतो त्याच्या मागें राहिलेला गडी पडद्याबाहेर पडतो, हेंही आमच्या मुलीनें लवकरच हेरलें. आतां खड्ड्याच्या कांठावर टोड उभा राहतो व ती म्हणते, “आजी, घाई करूं नकोस, मी थांबलें आहे.” शाळेच्या प्रार्थनेंत पडलेल्यास हात देणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तिनें अनेकदां ऐकली आहे. ती गोष्ट व हा खेळ एकाच मोलाचे आहेत असें म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाहीं. परंतु ऐकलेल्या गोष्टीस हातांची संवय लागणें कांहीं वाईट नव्हे.

या खेळामुळें तिचे गणिताचे गुण वाढले, असेंही आमचें म्हणणें नाहीं. गुण गणित केल्यानेंच वाढतात. एवढें मात्र खरें कीं, मध्यंतरीं एकदां कमी गुणांची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशीं न लपवितां तिनें जेवणाच्या वेळीं आपण होऊन बाहेर काढली आणि विचारलें, “बाबा, हें तिसरें उदाहरण कसें करावयाचें?” आम्हांस त्या दिवशीं जेवण अधिक गोड लागलें.

हौशीपणास मर्यादा हवी, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. शीव या शब्दाचा अर्थच मुळीं सीमा. मुंबई बेट जेथें संपे आणि पलीकडे साष्टी लागे, त्या हद्दीवरचें हें गांव. १६६९ ते १६७७ या काळांत जेरार्ड ऑन्जिअर गव्हर्नर असतांना इंग्रजांनीं टेकडीवर किल्ला बांधला, तो याच हद्दीवर नजर ठेवण्यासाठीं. त्या टेकडीच्या सावलींत राहणाऱ्यांनीं आपल्या करमणुकीस सीमा घालूं नये, हें शोभणार नाहीं. अभ्यास आटोपल्यावर व पानें घेण्यापूर्वीं अर्धा तास, एवढीच आमच्या घरची हद्द. मातोश्री घड्याळाकडे पाहून स्वतः यंत्र बंद करतात, आणि त्यांच्यापुढें कोणाची मात्रा चालत नाहीं. रविवारीं सकाळीं मात्र टीव्ही बंद ठेवून आम्ही किल्ल्याच्या पायऱ्या चढतों. तेथें मुलें दगडावरून दगडावर उड्या मारतात. पडलें तर गुडघा खरोखरीच फुटतो, आणि फुटलेला गुडघा पुढच्या रविवारपर्यंत बराही होतो.

बालमित्रांनो, व्हिडिओ गेममध्यें पहिला नंबर मिळवा असें आम्ही तुम्हांस सांगणार नाहीं; नंबर लावण्याच्या जागा तुम्हांस पुष्कळ आहेत. आणि पालकहो, तुमच्या मुलास दिवसाकांठीं अर्धा तास तरी अशी कांहीं जागा असूं द्या, कीं जेथें पडण्याचे गुण कापले जात नाहींत. ती जागा मारिओच असला पाहिजे असें नाहीं. लंगडी असो, पेटी असो, सापशिडी असो. मात्र तेथें लांब उभें राहून पाहूं नका. आपणही खेळावयास बसा, व मुलांच्या देखत दोनचार वेळां पडा. वडील माणसें पडतात व पुन्हां उठतात, हें मुलांस पुस्तकांतून कळण्यापूर्वीं घरांत दिसावें, एवढीच आमची विनंति आहे.